पाटलांच्या गॅरेजचं काम चालू आहे

प्रत्येक घरात खिळे-स्क्रूचा एक डबा असतो. त्यात मुद्दाम कोणी काही टाकत नाही, तरी तो भरतोच. पाटलांच्या गॅरेजचे किस्से आमच्याकडे तसेच साठलेत. चार जुने लोक जमले की डबा पालथा!

गोष्ट सिल्वासातली, नव्वदच्या आसपासची. पाटील अमळनेरचे, धाग्याच्या कंपनीत मेंटेनन्सला. पुण्याचे बापट तिथंच इलेक्ट्रिकल बघायचे, मी स्टोअर सांभाळायचो. पाटील तळमजल्यावर भाड्यानं राहत, वर घरमालक धनसुखकाका. शेजारचं गॅरेज रिकामं, कारण काकांनी बुक केलेली गाडी वर्षानुवर्षं येतच नव्हती. तरी काका भेटले की बजावायचे, "गाडी आवी के गॅरेज खाली, हां!"

त्या गॅरेजात सुमनवहिनींना शिवणक्लास काढायचा होता. सहा बायकांनी नावंही दिली होती. पाटलांनी छाती ठोकून सांगितलं, "दसऱ्याला क्लास चालू! मिस्त्री-बिस्त्री नको, सगळं मी स्वतः करतो." तिथंच घात झाला.

*

कंपनीत मशीन बिघडलं की आधी जॉब कार्ड भरायचं, मग पान्याला हात लावायचा. पाटलांचा घरीही तोच खाक्या. वहिनी म्हणाल्या, "अहो, गॅरेजातला पसारा तरी काढा." हे म्हणाले, "कार्ड भर."

वहिनींनी भरलं. मशीनचं नाव: नवरा. बिघाड: चालू होत नाही. कधीपासून: लग्नापासून!

पाटलांनी ते निमूटपणे फाईलला लावलं.

*

परदेशी मशीनं ज्या लाकडी खोक्यांतून यायची, त्यांच्या फळ्यांचे पाटलांनी बाक केले. एका फळीवर ठळक इंग्रजी अक्षरं तशीच राहिली. अमळनेरहून आलेल्या सासूबाई नेमक्या त्याच बाकावर बसायच्या.

"जावईबापू, आठे काय लिखेल शे?"

पाटलांनी अर्थ सांगितला, "नाजूक आहे, सांभाळून उचला."

सासूबाईंचे डोळे भरून आले. "सुमन, तुना नवरा सोनाना शे!"

सासूबाईंचं वजन ऐंशी किलोच्या पुढं होतं. बापट बाहेर जाऊन हसून आले.

*

रंग मी कंपनीच्या स्टोअरमधून दिला, रीतसर गेटपास करून. भिंती कंपनीतल्या मशीनसारख्या हिरव्यागार, उंबऱ्यावर पिवळे-काळे पट्टे. एका सकाळी नरोलीकडून आलेला एक कामगार दारात उभा. "भाभीजी, यहाँ भरती चालू है क्या?"

पाटील स्टुलावर चढून तिसऱ्यांदा तीच फळी ठोकत होते. वहिनींनी त्यांच्याकडे एकदा पाहिलं.

"अभी नहीं भैया. अभी तो एक को निकालना है!"

*

बापटांनी वायरिंग केलं आणि सुरक्षेचा भाग म्हणून भिंतीवर लाल टपोरं बटन बसवलं. अपघात झाला की हे दाबायचं, सगळी मशीनं जागच्या जागी बंद! आम्ही टाळ्या वाजवल्या. तीन रविवार गेले होते त्यात.

वहिनींनी विचारलं, "मशीनं कशावर चालतात, माहितेय ना?"

सहाच्या सहा शिलाई मशीनं पायांवर चालणारी होती.

*

दसऱ्याला मात्र सगळं तयार झालं. मशीनांना झेंडूचे हार, पाटलांच्या पान्यांनाही हळदकुंकू. सहाही बायका नव्या साड्या नेसून आलेल्या. नारळ फुटणार एवढ्यात बाहेर हॉर्न वाजला.

काकांची गाडी आली होती! पांढरीशुभ्र, कोरी, बॉनेटवर हार.

"पाटीलभाई," काका हसत उतरले, "गॅरेज खाली करो."

पाटलांच्या हातातला नारळ हातातच राहिला. बापट उगाच लाल बटनाकडे बघू लागले. मला तर मनापासून वाईट वाटलं. वहिनींचा उजळलेला चेहरा मी आत्ताच पाहिला होता.

वहिनी गळ्यात टेप अडकवून बाहेर आल्या, गाडीभोवती एक चक्कर मारली आणि बॉनेटपासून डिकीपर्यंत माप घेतलं. मग रुंदी. मग उंची. एक बाई वहीत आकडे लिहून घेऊ लागली.

"अरे बेन, आ शुं करो छो?" काका गोंधळले.

"काका, इतक्या वर्षांनी गाडी आली. गॅरेजात कोंडली तर लोकांना दिसणार कशी? दारात उभी करा. धूळ बसू नये म्हणून कव्हर आमचा क्लास शिवून देईल. पहिली ऑर्डर तुमची!"

काकांनी रस्त्याकडे पाहिलं. समोरच्या तीन गच्च्यांवरून लोक गाडी बघत होते. काकांनी हळूच कॉलर नीट केली.

वहिनींनी टेप गुंडाळला.

"फक्त एवढं सांगा काका, बेताचं शिवू की वाढत्या अंगाचं?"