मामांनी मंजूर केलेला फटीग

थकव्याच्या बाबतीत माझ्या पत्नीच्या मामांइतका चिक्कू माणूस सातारा आणि सांगली या दोन्ही जिल्ह्यांत मिळून सापडणार नाही. मामा माणमधले, फौजेतून निवृत्त. फौजेतल्या डॉक्टरांनी एकदा त्यांच्या कागदावर इंग्रजीत 'फटीग' लिहून दोन दिवस पडून राहायला सांगितलं. तेव्हापासून दमणं, शिणणं, थकणं कुणालाही मोकळं आहे. फटीग मात्र मामा चौकशी करून मंजूर करतात. मंजूर झाला की लिंबाखालची खाट, हातात चहा आणि दिवसभर काम बंद. मीही एकदा अर्ज करून पाहिला. सांगलीहून दोन एसट्या बदलून पोचलो आणि म्हणालो, "मामा, फार फटीग आलाय."

"बसून आलासा का हुबं?"

"विट्यापर्यंत उभा."

"म्होरं बसाय मिळालं न्हवं? मंग नुसतं दमलाय तुमी. पाणी प्या."

माझ्या माहितीत फटीग दोघांनाच मिळाला: एकदा खुद्द मामांना आणि एकदा त्यांच्या मेंढ्याला. मेंढ्याला खाट दिली नाही, पण सावलीत बांधून गूळ भरवला. "त्येच्या मागं माजा लंबर लावा की," मामी म्हणायच्या. "एक दुपार खाटंवर पडू द्या." म्हणायच्या हसत, पण मागणी खरी होती. मामांचं उत्तर ठरलेलं: "तू घरातच असतीस. चालणं किती तुजं?"

गेल्या उन्हाळ्यात मुक्कामाला होतो, तेव्हा सवयीप्रमाणे मी मोजलं. मामींचा एक दिवस: पाण्याच्या कळश्या सव्वीस, भाकऱ्या चौतीस, गोठ्याकडे खेपा अकरा. कागद मामांपुढे ठेवला. त्यांनी तो दोनदा वाचला. "आकडं तपासाय पायजेत," म्हणाले, आणि दुसऱ्या दिवशी पहाटे मामींना बाजूला सारून स्वतः कळशी उचलली.

तेराव्या कळशीला त्यांनी मेंढ्यांना उगाचच शिव्या घातल्या. पहिल्या भाकरीला तीन कोपरे आले, चौथी चुलीत गेली. दहाच्या सुमारास ते भिंतीला टेकून बसले.

"काय वो, फटीग का?" मामींनी विचारलं.

मामांनी हातांचं पीठ झटकलं. "न्हाई," ते म्हणाले. "मी आजून आर्ध्यातच हाय." मग उठले, खाट लिंबाखाली टाकली, तिच्यावर घोंगडं अंथरलं आणि मामींना म्हणाले, "पड."

"आन् भाकऱ्या?"

"जावईबापू हायती की."

पीठ किती घ्यायचं ते विचारायला मी बाहेर आलो, तर मामी गाढ झोपलेल्या. मामांनी ओठावर बोट ठेवलं. "हळू बोला. फटीग हाय."

सावली सरकेल तशी ते खाट वीतभर ओढत होते आणि ती करकरली की श्वास रोखून थांबत होते. असं सात वेळा झालं, मी मोजलं. मग ऊन उतरलं, ओढायचं कारण उरलं नाही. तरी मामा खाटेचा पाय धरून तसेच बसून होते.