सुपायच्या मळ्यातल्या आंबट मुंग्या

माझी वहिनी बार्तोला भित्री आहे. हे मी तिच्या तोंडावर म्हणते, तेव्हा पाठीमागे म्हणायला हरकत नाही. ती विजेला भिते, नदीतल्या भोवऱ्याला भिते, तेना गावच्या बाजारात मोटरसायकल जवळून गेली तरी माझ्या दंडात नखं रुतवते. पण ह्या झाल्या किरकोळ भीती. तिची खरी भीती एकच आहे, आणि ती ओढ्याच्या पलीकडे आहे.

आमच्या रानात पाऊल टाकायलाही कोयत्यानं वाट करावी लागते. ओढा ओलांडला की मात्र हे सगळं अचानक थांबतं. तिथे एकाच जातीची, केसाळ पानांची ठेंगणी झाडं उभी आहेत. त्यांच्याखाली वेल नाही, रोप नाही, गवताची काडी नाही. कुणीतरी आत्ताच तण काढून गेलंय असं वाटावं इतकी जागा मोकळी. आमचे लोक त्याला सुपायचा मळा म्हणतात. सुपाय म्हणजे रानातला सैतान. तोच हा मळा राखतो. त्या झाडांच्या फांद्या मधेच फुगलेल्या असतात, आणि मोडल्या की आतून बारीक मुंग्या बाहेर पडतात. त्या त्याच्या मजूर. जिभेवर ठेवल्या तर लिंबासारख्या आंबट लागतात. लहानपणी आम्ही सगळ्यांनी पैज लावून चाटलेल्या आहेत. फक्त पोटुशी बाईनं तिकडे फिरकायचं नाही. तिनं त्याचं काही खाल्लं, तर तो आपला वाटा मागून घेतो.

बार्तोला लग्न होऊन आमच्या घरी आली तेव्हा कोवळी पोर होती. पहिल्याच वर्षी दिवस गेले आणि आंबटाचे डोहाळे लागले. एक दिवस कुणाला न सांगता ती ओढा ओलांडून गेली, फांदी मोडली आणि पोटभर मुंग्या चाटून आली. सातव्या महिन्यात मुलगा झाला. तो रडलाच नाही.

माझी आईच सुईण होती. तिनं विचारलं, "काय खाल्लंस गं?" वहिनीला खोटं बोलता येत नाही, तिनं सांगून टाकलं. आई म्हणाली, "मग त्यानंच नेला. तू त्याच्या झाडाचं खाल्लंस, त्यानं तुझ्या झाडाचं खाल्लं."

आई मनानं वाईट नव्हती, पण तिच्या जिभेला हाड नव्हतं. त्या एका बोलण्यावर वहिनीनं पुढचं सगळं आयुष्य काढलं. पोराला घरामागे पुरलं, नावसुद्धा ठेवलेलं नव्हतं. पण वहिनीच्या लेखी तो घरामागे नव्हताच. तो पलीकडे होता, सुपायकडे. त्यानंतर ती कधी ओढा ओलांडून गेली नाही. पुढे बऱ्याच वर्षांनी यादिरा झाली, जगली, मोठी झाली, आणि तिला सर्दी झाली तरी वहिनी ओढ्याकडे बघायची.

त्यात अलीकडे एक नवीनच धसका बसला. वहिनीचा युकाच्या कंदांचा मळा ओढ्याला लागून आहे. आमच्यात बाईची किंमत तिच्या युकावरून होते. कंद चांगले तर बाई चांगली. आणि त्या मळ्याच्या कडेला, ओढ्याच्या अलीकडे, केसाळ पानांचं एक रोप उगवलं. मग दुसरं. त्यांच्याजवळच्या युकाची पानं शिरांपासून काळी पडून गळायला लागली. वहिनीनं ती ओळ सोडून दिली. पुढच्या लावणीला आणखी एक सोडली. शाळेच्या मास्तरांनी समजावून सांगितलं, की मुंग्या परक्या रोपाचं पान चावतात आणि त्यात आपलं आंबट विष सोडतात. आपल्या झाडाला त्या हात लावत नाहीत, कारण तेच त्यांचं घर. बाकीचं मेलं की त्या झाडाच्या पिल्लांना जागा होते. वहिनीनं सगळं नीट ऐकून घेतलं.

"पण मास्तर," ती म्हणाली, "आपलं कुठलं न् परकं कुठलं, हे त्यांना सांगतं कोण?"

मास्तर हसले. वहिनी हसली नाही.

अशात यादिरा बाळंतपणाला माहेरी आली, आणि आल्या आल्या म्हणाली, "आई, काहीतरी आंबट दे ना."

दुसऱ्या दिवशी सकाळी मी गेले तर दारातलं लिंबाचं झाड आडवं झालेलं. फळांनी लगडलेलं झाड! माझ्या भावानं, सेराफिननं, ते लावलं होतं. तो बिचारा ओट्यावर बसून तोडलेल्या बुंध्याकडे बघत होता.

"आई, त्या लिंबानं तुझं काय घोडं मारलं होतं?" यादिरा चिडली होती.

"आंबटाची चटक लागली की ओढ लागते. ओढ लागली की पाय तिकडंच वळतात. मला विचार."

"वहिनी," मी म्हटलं, "उद्या पोरीला पाणी आंबट लागलं तर नदी बुजवणार का तू?"

"तुला थट्टा सुचतेय, दोमितिला. तुझं कुणी आहे का पलीकडं?"

मी खाली पडलेली लिंबं टोपलीत गोळा करायला लागले.

मग घरातली आंबट फळं गेली. आमची प्यायची चिचासुद्धा गेली. युका चावून आम्ही चिचा आंबवतो. मुरली की ती छान आंबूस, कडक होते. वहिनी यादिराला पहिल्या दिवसाची गोडी चिचा द्यायची, अंगावरच्या पोरांना चाटवतात तसली.

"मी काय दूधपिती आहे?" पोरगी भांडायची. "आत्या, तू तरी सांग हिला!"

मी सांगून पाहिलं. वहिनी ऐकणारी नव्हती.

एका पहाटे आम्ही चुलीभोवती ग्वायुसाच्या पानांचा काढा पीत बसलो होतो. उजाडायच्या आत तो घेत घेत रात्रीची स्वप्नं सांगायची ही आमची रीत. त्या दिवशी वहिनी वाडगा तोंडाला लावतच नव्हती.

"मळा दिसला," ती म्हणाली. "एकदम साफ. न् कुणीतरी पाठमोरं बसून तण काढत होतं. लहान होतं. मी हाक मारली तर वळलं नाही."

"साफ मळा दिसला म्हणजे पाहुणा येणार," सेराफिन म्हणाला.

"साफ मळा म्हणजे खड्डा खणायची जागा," वहिनी म्हणाली.

"तुला चांगलं म्हणून कधी काही दिसत नाही बघ." असं म्हणून तो होडी घेऊन जावयाला आणायला गेला. यादिराचे दिवस भरत आले होते.

मी आणि वहिनी युका काढायला मळ्यात गेलो. यादिराला घरीच झोपवलं होतं, दाराशी वहिनीनं लाल रंगाच्या बियांचा पट्टा ओढला होता, सुपाय आत येऊ नये म्हणून. दुपारी टोपल्या घेऊन परतलो तर घरात पोरगी नाही. तिचे रबरी बूटही नव्हते. ओल्या मातीत बुटांचे ठसे लाल पट्टा ओलांडून सरळ ओढ्याकडे गेले होते.

बाहेरून आत कुणी येऊ नये म्हणून तिनं सगळं केलं होतं. आतून बाहेर कुणी जाईल हे तिच्या डोक्यातच आलं नव्हतं.

वहिनी पळत सुटली. तिला पळताना मी पहिल्यांदाच पाहिलं. ओढ्यापाशी मात्र ती अशी थांबली, की मागून मी तिच्यावर आदळले. पाणी गुडघाभर होतं. पलीकडे ती झाडं उभी होती, आणि त्यांच्याखालची ती मोकळी, मुकी जागा. पाखरूसुद्धा ओरडत नव्हतं.

"तू थांब," मी म्हटलं. "मी जाते."

वहिनीच्या झग्याचा काठ पाण्यात भिजत होता, पण पाय उचलत नव्हता.

तेवढ्यात पलीकडून हाक आली, "आई! आई गं!"

मग वहिनी माझ्या आधी पाण्यात होती.

यादिरा एका झाडाच्या बुंध्याला टेकून बसली होती. शेजारी मोडलेली फांदी. ओठांवर मेलेल्या मुंग्या चिकटलेल्या. "थोड्याच चाटल्या गं," ती रडत म्हणाली, "आणि एकदम कळ आली." मी वाकून पाहिलं तर बाळाचं डोकं दिसत होतं. आता हिला उचलून नेणं शक्य नव्हतं. जे व्हायचं ते सुपायच्या मळ्यातच होणार होतं.

मी भ्याले. आईच्या हाताखाली मी कितीतरी बाळंतपणं केली आहेत, पण अशी कधी भ्याले नव्हते. पोरीला अंग टाकायला चार पानं अंथरावीत म्हटलं, तर तिथे एक रुंद पान नाही. नाळ कापायला वेळूची धारदार कामटी नाही. काहीच उगवत नाही तर मिळणार काय? आणि फांदी मोडल्यामुळे मुंग्या बिथरल्या होत्या, रांगाच्या रांगा बुंध्यावरून उतरत होत्या. चावल्या की आधी काही कळत नाही, मग चुरचुरायला लागतं.

वहिनीनं अंगावरचा झगा काढून खाली अंथरला. लेकीला गुडघ्यांवर बसवलं, तिचे हात आपल्या गळ्यात घेतले, आणि झाडांकडे तोंड करून ओरडली. ती बाई, जी कोंबडीला हुसकतानासुद्धा हळू बोलते.

"एक नेलास माझा! मी गप्प बसले, काही मागितलं नाही! तुझं फिटलं! हे नाही द्यायची मी तुला, ऐकतोस का? हे नाही!"

मुंग्या तिच्या उघड्या पाठीवर चढत होत्या. आयुष्यभर मुंगीला वळसा घालून जाणारी ती, मूठ वळून त्यांना चिरडत होती. यादिरानं एक किंकाळी फोडली आणि बाळ माझ्या हातात आलं.

ते रडलं नाही.

मी उलटं धरलं, पाठीवर थोपटलं, बोटानं तोंड पुसलं. वहिनी माझ्याकडे बघत होती, आणि ती नजर मी मरेपर्यंत विसरणार नाही. तोंडानं ती फक्त एकच पुटपुटत होती, "परत नको. परत नको."

मग बाळाच्या पायाला मुंगी चावली असावी. त्यानं पाय झाडला आणि असं भोकाड पसरलं, की मीच बसल्या जागी रडायला लागले. मुलगी होती. माझ्या जाळीच्या पिशवीचा धागा उसवून आम्ही नाळ बांधली आणि कमरेला तसाच राहिलेल्या युकाच्या कोयत्यानं कापली.

बाळाला कवटाळून वहिनी उठली, आणि पहिल्यांदाच तिनं सभोवार नजर टाकली. मी म्हटलं, "चल, निघू या लवकर."

"हाच मळा," ती म्हणाली. "स्वप्नातला. कसा साफ ठेवलाय बघ."

मी तिचा हात धरून तिला ओढत बाहेर काढलं.

संध्याकाळी सेराफिन जावयाला घेऊन आला आणि नात बघून म्हणाला, "म्हटलं नव्हतं, पाहुणा येणार म्हणून?" वहिनी बाळाचे तळवे हुंगत होती, आंबट वास येतो का ते बघायला. अजूनही हुंगते. रडलं तरी घाबरते, जास्त झोपलं तरी घाबरते. तिची भीती काही गेली नाही, आणि जाईल असं मला वाटतही नाही.

पण परवा सकाळी मी पाण्याला गेले तर ती ओढ्यापाशी दिसली. पलीकडे पोहोचली होती. पहिल्या केसाळ झाडाच्या अलीकडे, जिथे गवत संपतं तिथे, वाकून भोपळ्याचं वाडगं ठेवत होती. मी जवळ गेले. वाडग्यात चिचा होती. मी बोट बुडवून चाखली आणि मला हसू आलं.

"अगं वहिनी, सैतानाला कुणी गोडी चिचा पाजतं का? चिडेल तो. मुरलेली आण, चांगली कडक."

"सुपायची नाहीये ही," ती म्हणाली. "त्याला मी कशाला देऊ?"

"मग?"

तिनं झाडांखालच्या त्या साफ जागेकडे पाहिलं.

"इतकी वर्षं तण काढतोय तो एकटा," ती म्हणाली. "न् मी भीतीपोटी साधी हाकही मारली नाही त्याला. काय म्हणून मारणार होते? नावच नाही ठेवलं."

मग तिनं वाडगं आणखी थोडं आत सरकवलं.