खाली ताट घ्या

काशीदादा गेल्याचं मला कामणच्या शेठकडून कळलं. कामासाठी त्यानं आधी दादांच्या घरी फोन लावला होता, मग मला. “ते चकाचक फरशी करणारे गेले हो. काय चमक होती त्यांच्या हाताला!” रडू यायच्या आधी मला त्या माणसाचा राग आला. इतकी वर्षं दादांच्या फरशीवर चालला, आणि आठवलं काय, तर चमक! चमक डब्यातून येते. डबा फोडून इपॉक्सीचा चकचकीत लेप ओतायला, पसरायला कुणालाही येतं, एका दिवसाचं काम. दादांचं काम त्याआधीचं, जे कुणी बघायला येत नाही. काँक्रीटवर कच्ची, पिठूळ साय धरलेली असते. ती ग्राइंडरनं उतरवायची, भेगा उकरून भरायच्या, धूळ ओढून घ्यायची. मग पाण्याचे शिंतोडे मारायचे. मुरले तर जमीन तयार. मोत्यासारखे उभे राहिले, तर तिथं तेल आहे, पुन्हा घासा. त्याच धुळीनं त्यांची छाती भरली. शेवटचं वर्षभर घरीच होते…

मी हिंगोलीकडची. सातवीत शाळा सुटली, लग्न झालं आणि नवऱ्याबरोबर आचोळ्याला एका खोलीत येऊन पडले. इथं मला सगळ्यांची भीती वाटायची, दुकानदाराची, घरमालकिणीची, अगदी दार वाजलं तरी. दादांनी मला झाडायला कामावर घेतलं आणि चौथ्या दिवशी म्हणाले, “बाई, तुला धूळ दिसते. या रेड्यांना दिसत नाय.” दादा खाडीकाठच्या गावचे, आणि बाकीचं जग त्यांना रेडेच वाटायचं. शेठ म्हणजे श्रीमंत रेडा, आर्किटेक्ट म्हणजे शिकलेला रेडा. मी त्यात नव्हते, याचंच मला किती अप्रूप!

नव्वदच्या दशकाच्या शेवटाकडची गोष्ट. कामण रस्त्याला याच शेठचा औषधाच्या कारखान्याचा नवा गाळा होता. तीन आठवडे खपून आम्ही जमीन तयार केली. दुसऱ्या दिवशी इपॉक्सीचा पहिला हात द्यायचा, म्हणून दुपारी दादा माल आणायला गेले. मला दारात बसवलं. “कोनालाच आत सोडू नको.” तासाभरात शेठ, शेठाणी आणि भटजी हजर. चपला तेवढ्या बाहेर काढल्या, जणू उपकारच केले. बरोब्बर मधोमध समई मांडली, नारळ फोडला, आणि शेठाणीच्या हातून तेल भसकन सांडलं. मी तोंड उघडलं… आणि मिटलं. त्यांची जागा, त्यांचा देव, मी कोण? वर पेढाही खाल्ला. ते गेल्यावर साबणानं घासघास घासलं. डाग दिसेना झाला, तशी गप्प बसले.

सकाळी दादांनी पाणी मारलं. सगळीकडे मुरलं, फक्त मधोमध परातीएवढ्या जागेत मोती उभे. माझ्याकडे न बघताच विचारलं, “कोन आलं होतं?” मी सांगितलं. शेठ तिथंच होता. “अहो काशिनाथ, देवाचं तेल ते. टाका वरून. आणि असली बाई राखणीला ठेवता कशाला? हाकला तिला!” माझं काम गेलं की भाडं थकणार, खोली जाणार, खोली गेली की परत गावी, कुठल्या तोंडानं? दादा म्हणाले, “देवाला तेल चालतं शेठ, इपॉक्सीला नाय. सहा महिन्यांत पापडासारखं उचललं की भटजीला बोलवा. आनि बाईचं मी बघतो.”

बघितलंच. छिन्नी-हातोडा माझ्या हातात दिला. “तेल जिथवर मुरलंय तिथवर खोद.” दिवसभर खोदत होते आणि ते शेजारी उकिडवे बसून माझा उद्धार करत होते. “पेढा गोड होता काय गं?” मग जरा वेळानं, “तीन शब्द बोलायचे होते, खाली ताट घ्या. देव रागावला नसता. शेठ रागावला असता, पन शेठच्या रागानं फरशी उखडत नाय.” खड्डा भरून वाळेपर्यंत उद्घाटन लांबलं. शेठ फणफणत राहिला. मला मात्र कुणी हाकललं नाही. ती खोली अजून माझीच आहे.

तेराव्याला मी गेले. दादांच्या घरात साधी खरखरीत सिमेंटची जमीन, तिच्यावर फोटो, फोटोपुढे समई. शेठ आणि त्याच्यासारखे दोन-तीन खुर्च्यांवर बसून चमकेबद्दलच बोलत होते. दादांची सून तेलाची बाटली घेऊन वाकली.

“खाली ताट घ्या,” मी म्हटलं.

आवाज जरा मोठाच निघाला. खुर्च्या वळल्या. शेठकडे माझा फोन नंबर होता, चेहरा मात्र त्यानं ओळखला नाही. सून म्हणाली, “असू द्या हो मावशी, साधी जमीन तर आहे.”

“आधी ताट.”

ताट आलं. समई त्यात बसली, मग तेल पडलं. निघताना मी तांब्यात बोटं बुडवली आणि फोटोपुढच्या जमिनीवर चार थेंब उडवले. सगळे बघत होते, बघू देत. मी उभी राहिले, थेंब मुरेपर्यंत.