दत्तूची स्थळं आणि गोऱ्यांची बिऱ्हाडं

ऊस वाहणाऱ्या माणसाकडं किस्से आपोआप साठतात. कारण साधं आहे. हंगामात दिवसातले निम्मे तास तो कुठल्या ना कुठल्या रांगेत उभा असतो, आणि रांगेतल्या माणसाला उद्योग दोनच. एक झोपणं, दुसरा म्हणजे शेजारच्याची फजिती तिसऱ्याला सांगणं. मी दहा हंगाम ट्रॅक्टर चालवला. झोप फारशी मिळाली नाही, पण दुसऱ्या उद्योगात कसूर केली नाही.

आमची टोळी तीन ट्रॅक्टरांची. केरबानाना वयानं मोठे, दत्तू धाकटा, आणि मधला मी. मला सगळे ‘मास्तर’ म्हणायचे. बारावीला इंग्रजीत दोनदा नापास झालो होतो. टोळीत एवढं इंग्रजी दुसऱ्या कुणाचंच झालेलं नव्हतं!

आमचा रस्ता निपाणीकडून मुरगूडवरून राधानगरीला जाणारा. पुढं तोच घाट उतरून कोकणात आणि गोव्याला जातो. नव्वदीच्या त्या वर्षांत त्याची रुंदी दीड गाडीची होती. समोरासमोर आलं की एकानं डांबरावर राहायचं आणि दुसऱ्यानं खाली उतरायचं. कुणी उतरायचं, हे गाडीच्या नाही तर माणसाच्या वजनावर ठरायचं.

दिवाळी झाली की या रस्त्यावर तीन हंगाम एकदम सुरू व्हायचे. एक उसाचा, एक लग्नाचा आणि एक गोऱ्यांचा. थंडी काढायला हे लोक आपापल्या देशातून गाडी चालवत थेट गोव्याला यायचे. पाच-सहा गाड्यांचा तांडा असायचा. गाडीतच पलंग, गाडीतच शेगडी, गाडीतच संडास. मोटारहोम हा शब्द आम्हाला फार उशिरा कळला. आम्ही ‘बिऱ्हाडाच्या गाड्या’ म्हणायचो.

दत्तू या तिन्ही हंगामांच्या मधोमध सापडला. पहिल्या वर्षी तो चोवीस वर्षांचा होता. वडील नव्हते, आईला सून हवी होती. मागणं एवढंच, पण त्याला नऊ वर्षं लागली.

* * *

पहिला तांडा आला तेव्हा केरबानानांच्या मागच्या ट्रॉलीची पिन निसटली होती. ट्रॉली रस्त्यावर आडवी. मागं सहा पांढऱ्या गाड्या येऊन एका गावाच्या तोंडाशीच थांबल्या.

आता पांढरी गाडी, खिडक्यांना पडदे आणि आतून उतरलेली पांढऱ्या झग्यातली बाई! त्या गावात महिनाभरापूर्वी डोळे तपासायचं शिबिर येणार म्हणून दवंडी झाली होती आणि ते आलं नव्हतं. गावानं ओळखायचं ते ओळखलं. अर्ध्या तासात पहिल्या गाडीच्या दारासमोर अकरा म्हातारी माणसं रांगेत बसली.

तांड्याचा म्होरक्या लाल टोपी घालणारा साठीचा गृहस्थ होता. पुढं तो जवळजवळ दर साली दिसला. त्यानं मला विचारलं, ह्यांना काय पाहिजे? मी म्हटलं, “आईज!” त्यानं जरा विचार केला आणि बायकोला हाक मारली. बाईंनी आतून जुन्या चष्म्यांचा डबा आणला. एकेक करून लावून बघणं सुरू झालं. एका आजीनं चष्मा लावून तिथंच सुईत दोरा ओवून दाखवला. नानांची पिन बसेपर्यंत पाच चष्मे गेले.

पुढच्या साली तीच आजी तांड्याला आडवी झाली. लाल टोपीवाला खाली उतरला. आजी म्हणाली, “लेकरा, नंबर वाढलाय. बदलून दे.”

त्यानं बदलून दिला!

* * *

दोन ट्रॉल्या जोडलेला ट्रॅक्टर मागं घेता येत नाही. आमच्याकडं हे पाळण्यातल्या पोरालाही माहीत असतं. गोऱ्यांना माहीत असायचं कारण नाही.

दत्तूला पाचला मुलगी बघायला जायचं होतं. पहिलंच स्थळ. त्याचे मामा पुढं जाऊन बसले होते, दत्तू ऊस उतरवून थेट जाणार होता. साडेतीनला तो वेदगंगेच्या पुलावर मध्यापर्यंत आला आणि समोरून लाल टोपी शिरली. तिच्या मागं पाच गाड्या.

“मागं घ्या!” दत्तू ओरडला.

सहा गोरे उतरले, नकाशा उघडला, चर्चा झाली. लाल टोपीवाल्यानं खुणेनं सांगितलं की आम्ही सहा, तू एक, तर तू मागं जा. हिशेब चुकीचा नव्हता. दत्तूनं ट्रॉलीतून ऊस उपसला, त्याची तीन कांडी केली आणि कठड्यावर ओळीत ठेवली. एक ट्रॅक्टर, दोन ट्रॉल्या. मग पुढचं कांडं मागं ढकललं. मधलं आडवं झालं आणि शेवटचं नदीत पडलं.

गोऱ्यांनी टाळ्या वाजवल्या. मग सहाच्या सहा गाड्या मागं घेतल्या. प्रत्येक गाडीच्या मागं मालकाची बायको उभी राहून हातवारे करायची, आणि तिची खूण नीट कळली नाही की मालक उतरून मागं जाऊन विचारून यायचा. दीड तास लागला.

पुढं कारखान्यातली रांग. दत्तू साडेआठला मुलीच्या घरी पोचला. मामा निघून गेले होते. मुलीच्या वडिलांनी दार उघडलं, त्याला खालपासून वरपर्यंत बघितलं आणि म्हणाले, “पोहे सपलं, पावणं. चा घेतासा?”

* * *

त्यानंतर दत्तूनं ठरवलं की मुलगी बघायला ट्रॅक्टरवरून जायचं नाही. मोटारसायकल मागून घेतली आणि पांढरा शर्ट शिवला. केरबानाना म्हणाले, “आता लगा कोण अडवतंय तुला!”

आपल्याकडं पुढच्या गाडीनं उजवा दिवा लुकलुकवला तर त्याचा अर्थ ‘ये, जा पुढं’ असा. रस्त्यावरचा प्रत्येक ट्रक हेच सांगतो. दत्तूच्या पुढं बिऱ्हाडाची गाडी होती आणि तिनं उजवा दिवा लावला. दत्तूला बरं वाटलं. म्हणाला, शिकली ही माणसं! त्यानं हात करून आभार मानले आणि गाडी पुढं काढली.

त्या गाडीला उजव्या अंगाचं गुऱ्हाळ बघायला वळायचं होतं. दिवा त्यासाठी होता.

दत्तू पाटात गेला. लागलं नाही, पण शर्ट चिखलाचा झाला. तरी हा गडी गेलाच. मुलीच्या वडिलांनी बघितलं आणि त्यांचा चेहरा खुलला.

“रानातनं थेट आलाय जनू! कष्टाळू हाय म्हणायचं पोरगं.”

मामांनी लगेच मान डोलावली. गोष्ट तिथंच जुळली असती. पण दत्तूला खोटं बोलता येत नाही.

“न्हाई, गाडीवरनं पडलो,” तो म्हणाला.

वडिलांनी त्याचा शर्ट पुन्हा एकदा बघितला. मग विचारलं, “धंदा काय म्हणालासा?”

“डायव्हर.”

* * *

रस्ता रुंद करा म्हणून एकदा आमच्या पट्ट्यातल्या गावांनी रास्ता रोको केला. साहेब येऊन निवेदन घेईपर्यंत उठायचं नाही, असं ठरलं होतं. दुपार झाली तरी साहेबाचा पत्ता नाही. रांगेत सगळ्यात पुढं बिऱ्हाडाच्या गाड्या. त्यांच्या मागं दत्तू, नवीन शर्ट घालून, सातव्या स्थळाला निघालेला.

तीन वाजता दत्तू उठला, सरपंचांच्या हातातलं निवेदन घेतलं आणि लाल टोपीवाल्याला नेऊन दिलं.

“अरं, त्यो साहेब न्हवं!” सरपंच म्हणाले.

“साहेबच हाय की. तुमचा आला न्हाई, ह्यो आलाय.”

लाल टोपीवाल्यानं टोपी काढली. दोन्ही पानं शेवटपर्यंत बघितली. मराठीत होती, पण मधेच मान हलवत होता. खाली सही केली, सरपंचांशी हात मिळवला. लोकांनी घोषणा दिल्या आणि रस्ता मोकळा झाला. दत्तूचं स्थळ तेवढ्यात दुसरीकडं ठरलं होतं.

दोन वर्षांनी रस्ता खरंच रुंद झाला. सरपंच अजून सांगतात, “त्या लाल टोपीवाल्या साहेबानं वर शब्द टाकला असणार. आमच्या साहेबाच्यानं काय होत न्हवतं.”

* * *

आता शेवटचा. हा मी स्वतः बघितलाय.

दत्तू तेहेतिसाचा झाला होता. अकरा स्थळं झाली होती. आई पूर्वी रोज सुनेचं नाव काढायची, तिनं ते बंद केलं होतं. दत्तूला ते बंद होणंच जास्त लागायचं. बोलून दाखवायचा नाही, पण आम्हाला दिसायचं, आणि वाईट वाटायचं. बारावं स्थळ मामांनी आणलं तेव्हा त्यानं मुलीचं नावसुद्धा विचारलं नाही. “कुठं आणि किती वाजता, तेवढं सांगा,” म्हणाला. मामांनी सांगितलं, चारला.

त्या आठवड्यात आमच्या कारखान्याची मिल बंद होती म्हणून ऊस पलीकडच्या तालुक्यातल्या कारखान्याला चालला होता. पुढं केरबानाना, मग लाल टोपीचा तांडा, मागं दत्तू आणि शेवटी मी. नानांची ट्रॉली भरपूर लादलेली, ऊस गळत होता. गोऱ्या बायका उतरून पडलेला ऊस गोळा करायच्या. माणसं प्रामाणिक! मालकाला त्याचा ऊस द्यायचा म्हणून सगळा तांडा नानांच्या मागोमाग कारखान्याच्या गेटातून आत गेला. वॉचमननं बघितलं नाही. गाडी आली की हातात बिल्ला द्यायचा, एवढंच त्याचं काम. त्यानं सहा बिल्ले दिले.

पुढं वजनकाटा. नाना चढले, उतरले. मागून लाल टोपी चढली. काट्यावर नवीन कॉम्प्युटर आणि कॉम्प्युटरवर त्याच आठवड्यात लागलेली एक मुलगी. तिचं लक्ष आकड्यांवर. सहावी गाडी काट्यावर आली तेव्हा तिनं खिडकीतून मान बाहेर काढली.

लाल टोपीवाला ऊस नानांना देऊन परत निघाला होता. ती म्हणाली, “थांबा. भरलेलं वजन झालंय. मोकळं वजन झाल्याशिवाय गेटपास मिळत न्हाई.”

मी मधे पडलो. “अहो, ह्यांच्यात ऊस न्हाई!”

“कॉम्प्युटरला काय म्हाईत? भरलेलं घेतलंय, मोकळं द्याय लागतंय.”

वरचा अधिकारी लग्नाला गेला होता. मी माझ्या इंग्रजीत समजावलं. आणि सहा बिऱ्हाडं यार्डात उतरली. गाद्या, खुर्च्या, पातेली, पाण्याचे डबे, एक कुत्रं. उसाच्या ट्रॉल्यांच्या मधे सहा संसार उघडे पडले. एका म्हाताऱ्या बाईंचा गुडघा धरला होता, त्यांना उतरता येईना. वॉचमन म्हणाला, आता कसं? मुलीनं क्षणभर विचार केला.

“बसू देत. भरलेल्या वजनालाबी त्या आतच होत्या.”

दत्तूचा जीव वर-खाली होत होता. तीन वाजले, साडेतीन वाजले. तो दर पाच मिनिटांनी खिडकीपाशी जायचा.

“ताई, जरा हात उचला की! मला चारला जायाचं हाय.”

“सगळ्यास्नीच कुठंतरी जायाचं असतंय. रांगेत थांबा.”

“ताई, लई महत्त्वाचं हाय ओ!”

साडेपाचला सहावं मोकळं वजन झालं आणि तांडा गेला. दत्तूचा ट्रॅक्टर काट्यावर चढला. मी पावतीसाठी त्याच्या मागंच उभा होतो.

“चालकाचं नाव?” तिनं विचारलं. दत्तूनं नाव सांगितलं. “गाव?” गाव सांगितलं.

तिचे हात थांबले. तिनं वर बघितलं.

“वय?”

“तेहेतीस.”

“शिक्षण?”

“धावी. हे बी लागतंय व्हय ताई?”

“नवीन नियम हाय. शेती?”

“दीड एकर. पाण्याखालची.”

“तंबाखू?”

दत्तू बाजूला जाऊन थुंकून आला आणि म्हणाला, “न्हाई.”

“घरी कोण?”

“आई.”

“स्वभावानं कशी हाय?”

दत्तू वैतागला होता, पण खोटं बोलता येत नाही. “पैल्यांदा लई बोलायची. आता गप असती. माझं लगीन हुईना म्हणून.”

तिनं हे टाइप केलं नाही. पावती दिली. मग माझा नंबर.

“गाडी नंबर?” मी सांगितला. पुढच्या प्रश्नाची वाट बघत राहिलो. “झालं,” ती म्हणाली, “पुढं घ्या.”

साडेसातला मामा, दत्तू आणि मी मुलीच्या घरी पोचलो. मला दत्तूनं मुद्दाम नेलं होतं. उशीर का झाला हे सांगायला त्याला साक्षीदार पाहिजे होता. पण सांगायची वेळच आली नाही. मुलीचे वडीलच ओशाळून म्हणाले, “असू द्या, असू द्या. पोरगी बी आत्ताच आली कामावरनं.”

दत्तू खाली सतरंजीकडं बघत बसला. अकरा ठिकाणी बसून सवय झाली होती. पोह्यांचा ट्रे आला. वडील म्हणाले, “विचारा की पावणं, काय विचारायचं ते.” मामांनी कोपरानं ढोसलं.

दत्तूनं मान वर केली. ‘ताई’ म्हणायला तोंड उघडलं आणि मिटलं. मग त्यानं माझ्याकडं बोट केलं.

“ह्याला का न्हाई इचारलं ते सगळं?”

तिनं पोह्यांची बशी त्याच्या पुढ्यात ठेवली.

“ह्यांचं स्थळ कुठं आलंय?”