दोन शब्दांचं फोल्डर

आमच्या ऑफिसात मालक मी, पण चालतं अक्कांचं. हे आज मी मोकळेपणाने सांगतो. तीन वर्षांपूर्वी कोणी असं म्हटलं असतं तर त्याला दार दाखवलं असतं. राग माझ्या नाकाच्या शेंड्यावर असतो, बायको तर म्हणते नाक नुसतं निमित्ताला आहे.

अक्का माझ्याहून सहा वर्षांनी मोठ्या. आधी औषधांच्या गोदामात खोक्यांवर लेबलं लावायच्या. मुलगी कॉलेजात गेल्यावर संध्याकाळच्या क्लासला बसून कॉम्प्युटर शिकल्या आणि आमच्याकडे आल्या. त्यांचं काम बिल्डचं. म्हणजे आम्ही सगळे आपापल्या टेबलावर प्रोग्रामचे तुकडे लिहितो आणि अक्का ते गोळा करून, जोडून, त्यातून चालणारा प्रोग्राम उभा करतात. लिहिणाऱ्यांचं कौतुक होतं, जोडणारीला कोण विचारतं? अक्कांना त्याचं काही नसायचं.

कुठलीही आज्ञा चालवण्याआधी त्या पडद्यावर बोट ठेवून ती ओळ मोठ्याने वाचायच्या. आणि फोल्डरच्या नावात मोकळी जागा सोडू द्यायच्या नाहीत. दोन शब्द असतील तर मध्ये आडवी रेघ. "मोकळी जागा दिसली की यंत्राला वाटतं नाव संपलं," असं त्यांचं म्हणणं.

"अक्का, नावांना शेपट्या कसल्या लावता हो?" मी चिडवायचो.

"लावते. तुम्हाला टोचतात का?"

त्या वर्षी आमच्याकडे एका शिक्षिकेचं काम आलं. बाईंच्या घशात गाठ होती, ऑपरेशननंतर आवाज कायमचा जाणार होता. त्याआधी तो टिपून ठेवायचा, आणि पुढे बाईंनी टाइप केलं की प्रोग्रामने त्यांच्याच आवाजात बोलायचं. मागच्या खोलीच्या भिंतींना आम्ही गाद्या लावल्या. अकरा दिवस बाई तिथे बसून वाचत होत्या: वाक्यं, आकडे, नावं, रागावणं, लाडाने हाक मारणं. त्यांचे यजमान गरम पाण्याचा थर्मास घेऊन दाराबाहेर बसलेले असायचे.

ते सगळं रेकॉर्डिंग 'आवाज' नावाच्या फोल्डरमध्ये होतं. प्रोग्राम तयार व्हायचा शेजारच्या 'आवाज_नवीन' मध्ये. हे दुसरं फोल्डर रोज पुसायचं आणि रोज नव्याने बांधायचं. रेकॉर्डिंगची दुसरी प्रत? अक्कांनी चारदा विचारलं होतं. "काम संपलं की एकदाच काढू," असं मी चारदा सांगितलं होतं. शहाणा ना मी!

ऑपरेशनच्या दिवशी मी ऑफिसात लवकर आलो. दुसऱ्या दिवशी बाईंचे डॉक्टर काम बघायला येणार होते. पडद्यावर जरा नीटनेटकं दिसावं म्हणून मी ती आडवी रेघ काढली, 'आवाज नवीन' असं सुटसुटीत नाव केलं आणि बिल्डच्या सूचनांमध्येही तेच लिहून टाकलं.

दहा वाजता बिल्ड अडलं. पडदाभर लाल ओळी: अशी फाइल नाही, तशी फाइल नाही.

"नाव कोणी बदललं?" अक्कांनी विचारलं.

"मी. माझ्याच ऑफिसात मला परवानगी लागते का?"

"मग परत होतं तसं करा."

झालं, माझं डोकं फिरलं. "नावाने काय होतंय! जुना कचरा साफ करा आणि पुन्हा बांधा."

साफसफाईची स्क्रिप्ट, म्हणजे जुनं फोल्डर पुसणाऱ्या आज्ञांची यादी, सात वर्षांपूर्वी मीच लिहिलेली. कोणतं फोल्डर पुसायचं ते नाव ती बिल्डच्या सूचनांमधून उचलायची. अक्कांनी ती उघडली, बोट ठेवलं आणि वाचायला लागल्या. मधेच थांबल्या. पुन्हा पहिल्यापासून वाचायला लागल्या.

"वाचन पुरे. सरका," म्हणत मी त्यांना उठवलं आणि स्वतः बसलो. एंटर दाबणार, तेवढ्यात अक्कांनी कीबोर्डच ओढला आणि वायरीसकट छातीशी धरला.

"द्या इकडे."

"नाही देणार."

"उद्यापासून येऊ नका मग!"

"नाही येणार. पण आज हे चालवू देणार नाही. बाई आत्ता ऑपरेशनच्या टेबलावर आहेत. काही चुकलं तर पुन्हा आवाज मागायला कोणाकडे जाणार तुम्ही?"

सगळं ऑफिस बघत होतं. अक्का शेजारच्या मशीनवर बसल्या. त्याच नावांची दोन फोल्डरं केली, दोन्हींत टाकाऊ फाइली भरल्या आणि माझी स्क्रिप्ट चालवली. 'आवाज नवीन' जिथल्या तिथे राहिलं. 'आवाज' गेलं. यंत्राने पहिला शब्द वाचला, नाव संपलं असं समजलं आणि त्या नावाचं फोल्डर साफ केलं. शेजारीच दुसरा शब्द होता, त्याच्याशी त्याला काही देणंघेणं नव्हतं.

रेघ मी काढली, स्क्रिप्ट माझी, प्रत मी काढू दिली नाही, आणि वर नोकरीवरून काढत होतो कोणाला, तर अक्कांना!

"अक्का, अहो..."

"आधी प्रत काढा. मग घाबरा."

मी दोन प्रती काढल्या. अक्कांनी रेघ परत घातली आणि माझी सात वर्षांची स्क्रिप्टही दुरुस्त केली. बारा वाजता बिल्ड पूर्ण झालं. दुसऱ्या दिवशी अक्का नेहमीच्या वेळेला आल्या, तोवर मी गुपचूप त्यांची खुर्ची पुसून ठेवली होती.

तीन आठवड्यांनी आम्ही दोघं बाईंच्या घरी गेलो. त्यांच्या गळ्याला पट्टी होती, चेहरा उतरलेला होता. अक्कांनी मशीन जोडून दिलं. बाईंनी एकेक अक्षर टाइप केलं, आणि खोलीत त्यांचा आवाज आला, "कोणी केलं हे?"

यजमानांच्या हातातला कप तसाच राहिला.

'आमच्या टीमने,' असं उत्तर मी वाटेतच ठरवून ठेवलं होतं. अक्का खाली वाकून वायर गुंडाळत होत्या. माझ्याच्याने ते बोलवेना.

"अक्कांनी केलं, बाई. मी तर तुमचा आवाज पुसायला बसलो होतो. यांनी माझ्या हातातून कीबोर्ड हिसकावला."

"अहो, कशाला आता ते," अक्का पुटपुटल्या.

बाई माझ्याकडे बघत राहिल्या. मग टाइप करायला लागल्या. त्यांना वेळ लागत होता.

"ऊठ," मशीनमधून आवाज आला, वर्गातला, खणखणीत. "बाकावर उभा राहा."

मी बावन्न वर्षांचा माणूस. त्या घरात बाक नव्हतं, म्हणून जमिनीवरच ताठ उभा राहिलो. यजमान खो खो हसायला लागले, आणि हसता हसता भिंतीकडे तोंड करून रडले. बाई "बस" म्हणेपर्यंत मी उभा होतो.