तीन हजारांची काच

हे मी कुणाजवळही बोललेले नाही. घरी नाही, ग्राहक-चळवळीतल्या मैत्रिणींजवळ नाही, आणि ज्यांच्याबद्दल आहे त्यांच्याजवळ तर नाहीच. तीन वर्षं झाली. एरवी मी गप्प बसणाऱ्यांतली नाही — इथे ग्वाल्हेरच्या मराठी घरांत माझा विषय काढा, "हो, ती पर्चेवाली!" म्हणतील आणि एक सुस्कारा सोडतील. वजनात मारणारे, जुन्या मालावर नवी तारीख चिकटवणारे, या सगळ्यांविरुद्ध मी पत्रकं लिहिली आहेत आणि दाल बाज़ारात भर दुपारी उभी राहून वाटली आहेत. लाज कधी वाटली नाही. आता वाटते.

पत्रक लिहायला शिकले तेव्हा पहिला नियम हाच शिकवला होता — दोषी कोण ते पहिल्या ओळीत सांगा. बघा, मला जमलेलं नाही. मी अजून इकडचं तिकडचंच बोलते आहे.

तर — काच. कॅमेऱ्याच्या लेन्सपुढे एक गोल काच आट्यांनी बसवतात, तिला फिल्टर म्हणतात. धूळ, ओरखडा लेन्सवर न येता त्या काचेवर यावा म्हणून. पडाव भागात, स्टेशनजवळ, कदमकाकांचं कॅमेऱ्याचं छोटं दुकान होतं. आमच्याच मराठी मंडळातले, पूर्वज शिंद्यांच्या फौजेबरोबर इकडे आलेले, आणि काकांच्या हातात तलवारीऐवजी लेन्स पुसायचं मऊ फडकं. मी तिथूनच जुना कॅमेरा घेतला होता, चळवळीच्या फोटोंसाठी. एक दिवस माझ्यासमोर त्यांनी एका गिऱ्हाइकाला तशी काच दाखवली आणि किंमत सांगितली — तीन हजार दोनशे. बाजूलाच तसलीच दिसणारी, दोनशे ऐंशीची.

माझं डोकं फिरलं. काच ती काच! तीन हजार कशाचे? मी तिथेच विचारलं. काका हसले. म्हणाले, "अगं, हिच्यावर लेप असतो. लग्नवाल्यांनाच देतो मी ही. तुझ्यासारखीला म्हणेन, कुठलीच लावू नको, फोकट का खर्चा."

हे वाक्य लक्षात ठेवा. मी ठेवलं नाही. म्हणजे ठेवलं होतं — वापरलं नाही. त्या वाक्याने माझं पत्रक पांगळं झालं असतं.

पत्रक मी त्याच आठवड्यात लिहिलं. वर मोठ्या अक्षरांत — "काँच है या हीरा?" हिंदीत, कारण पडावला मराठी कोण वाचतो? खाली लिहिलं की आम्ही दोन्ही फिल्टर लावून फोटो काढले, फरक शून्य. दोन हजार प्रती छापून आल्या.

आणि फोटो? फोटो अजून काढायचे होते.

तुम्हाला हे विचित्र वाटेल. आम्हाला वाटत नसे. उत्तर ठाऊकच आहे तर चाचणी नंतर केली काय, आधी केली काय? आमच्यात असंच चालायचं — आधी घोषणा, मग पुरावा. आजवर पुरावा नेहमी निघाला होता.

रविवारी मंडळाच्या सभागृहात सगळ्यांसमोर प्रयोग ठेवला. फोटो दोरीला चिमट्यांनी टांगायचे, खाली नुसते आकडे, आणि लोकांनी ओळखायचं की महाग काचेतून कुठला आणि स्वस्त काचेतून कुठला. दोन्ही फिल्टर काकांनीच दिले, वापरायला, पैसे न घेता. शनिवारभर मी फोटो काढले. किल्ला, रस्ता, भाजीचे ठेले, वाळत घातलेले कपडे. ऊन माझ्या पाठीशी. घरी येऊन मोठे करून पाहिले — खरंच फरक नव्हता. मी आनंदाने टाळी वाजवली, आई दचकली.

मग तिन्हीसांजेला आईने देवापुढे समई लावली. कॅमेरा हातातच होता. कशासाठी काढला तो फोटो? सांगता येत नाही. कदाचित मला खात्री हवी होती. आधी महाग काच लावून — समई, पाच वाती, मागे भिंतीवर देवीची तसबीर. मग स्वस्त काच.

स्वस्त काचेच्या फोटोत भिंतीवर आणखी पाच ज्योती होत्या. हिरव्या, उलट्या लोंबणाऱ्या. एक तर देवीच्या चेहऱ्यावरच.

मी काच पुसली. पुन्हा काढला. जागा बदलून काढला. चार वेळा. ज्योती हलायच्या, जायच्या नाहीत. महाग काचेतून दिसायच्या, पण इतक्या पुसट की शोधाव्या लागत. मग कळलं — लेप म्हणजे हे. लेन्सवरून परतलेला दिव्याचा उजेड काचेच्या आतल्या बाजूवर आपटून पुन्हा आत जातो, त्याला लेप थांबवतो. लग्नात काय असतं? होम असतो, दिवे असतात, माळा असतात. "लग्नवाल्यांनाच देतो मी ही."

दोन हजार प्रती खाटेखाली गठ्ठ्यांत बांधून होत्या.

मी समईचे सगळे फोटो पुसून टाकले. एकेक करून. प्रत्येक वेळी कॅमेरा विचारायचा, खरंच पुसायचा का? मी हो म्हटलं.

पण हा कबुलीजबाब फोटो पुसल्याचा नाही. तेवढ्यावर थांबले असते तर आज कदाचित भित्री म्हणून सुटले असते. पुढचं ऐका.

रविवारी सभागृह भरलं. लोक ओळखायला जायचे, चुकायचे, हशा. कुणीतरी ओरडलं, "कदमकाका, आता तुम्ही! जोहरी को बुलाओ!" काका आले. चष्मा कपाळावर चढवून एकेका फोटोजवळ नाक नेलं. आठपैकी पाच चुकले. सभागृह खिदळलं. काकाही हसले, कान लाल झालेले. मग माझ्याकडे वळून म्हणाले, सहज, अगदी घरच्यासारखं — "दिन के फोटो में तो मैं भी न पहचानूँ, बेटा. दिव्यासमोरचा एखादा काढलास का?"

सगळे माझ्याकडे बघत होते.

मी म्हणाले, "काढला ना काका. तिथेही काही फरक नाही."

हेच ते. एवढंच. कुणी बळजबरी केली नव्हती, जीभ घसरली नव्हती. मी स्पष्ट आवाजात, त्यांच्या डोळ्यांत बघत, खोटं बोलले. आणि टाळ्या पडल्या.

काकांनी वाद घातला नाही. मला ते तेव्हा जिंकल्यासारखं वाटलं. नंतर कळलं की त्यांनी माझ्यावर विश्वास ठेवला होता. मंडळात कुणाला तरी म्हणाले होते, "आजकल सस्ते में भी अच्छी काँच येत असेल. पोरीने तपासलंय. माझीच नजर जुनी झाली." चाळीस वर्षं ज्या डोळ्यांवर दुकान चाललं, त्या डोळ्यांवरचा त्यांचा भरवसा मी एका वाक्यात काढून घेतला.

लोक दुकानाला "हीरेवाली दुकान" म्हणू लागले. काकांनी महाग फिल्टर ठेवणं बंद केलं. आणि माझं पत्रक — त्यांनी स्वतः, काउंटरच्या काचेवर, आतून चिकटवलं. म्हणजे गिऱ्हाइकाला कळावं की इथे लूट नाही.

पुढच्या हिवाळ्यात मी मेमरी कार्ड घ्यायला गेले होते. मुरार भागातला, इथूनच काच नेलेला एक लग्नाचा फोटोग्राफर आत आला, हातात अल्बम. काउंटरवर आपटला. फेऱ्यांचे फोटो. नवरीच्या चेहऱ्यावर, भटजींच्या छातीवर, सगळीकडे हिरवे ठिपके. मुलीकडच्यांनी अल्बम तोंडावर फेकला होता म्हणे. "शादी दोबारा करवाऊँ क्या उनकी?" त्याने विचारलं. काका फोटो बघत राहिले. मग पत्रकावर बोट ठेवून म्हणाले, "भैया, जाँच तो हुई थी..."

"पर्चा पढ़के दुकान चलाते हो?" असं म्हणून त्याने काकांच्या थोबाडीत मारली.

सत्तरीच्या माणसाच्या. माझ्यापासून दोन हातांवर.

चष्मा माझ्या पायाशी पडला. मी तो उचलून दिला. काका म्हणाले, "थँक यू, बेटा." त्यांनी त्या माणसाला सांगितलं नाही की पर्चा लिहिणारी हीच. मला वाटतं, ते मला वाचवत होते — मी अजूनही खरं बोलणारी मुलगी आहे असं समजून. मी तोंड उघडू शकले असते. एक वाक्य पुरलं असतं. मी कार्ड घेतलं आणि बाहेर पडले.

त्यानंतर काका दुकानात फार दिवस टिकले नाहीत. डोळे गेले, असं सांगायचे सगळ्यांना. डॉक्टर म्हणाले होते, डोळे ठीक आहेत. दुकान विकलं, आता इंदूरला मुलीकडे असतात.

महाग फिल्टर घ्यावा का, असं मला अजून लोक विचारतात. त्या प्रयोगामुळे मी जाणकार ठरले आहे. उजेडाकडे तोंड करून फोटो काढणार असाल तर चांगली काच घ्या, नाहीतर कुठलीच लावू नका. हे काकांचंच मत आहे. मी ते माझं म्हणून सांगते.

काका हयात आहेत. त्यांचा नंबर माझ्या फोनमध्ये आहे, आणि दिवाळीला त्यांचा मेसेज येतो. मी फोन केलेला नाही. हे मी तुम्हाला सांगितलं, त्यांना नाही.