फोनवर ऐकू न येणारा मिलिंद

मिलिंद गेल्याचं कळलं तेव्हा मी चाळीसगाव स्टेशनवर गाडीची वाट बघत होतो. फोनवर आमच्या बँडचा गायक होता. "मिल्या गेला रे... हार्ट अटॅक," एवढंच म्हणाला. मी "बरं" म्हणालो. असल्या वेळी माणूस काहीही बोलतो. गाडी आली, चढलो, जागाही मिळाली. रडू वगैरे आलं नाही. पाचोरा गेल्यावर मात्र लक्षात आलं, की माझी बोटं मघापासून मांडीवर त्याच्याच गाण्याचा ठेका वाजवतायत.

आमचा बँड जळगावचा. मी ड्रम वाजवायचो, तो बेस गिटार, आणि गाणी सगळी त्याचीच. रॉक, तेही अहिराणीत! लोक आधी हसायचे, मग मुकाट ऐकायचे. पिंप्राळ्यातल्या त्याच्या भाड्याच्या खोलीत आम्ही जमायचो. त्याची रीत उलटी. बाकीचे आधी शब्द लिहितात; हा आधी त्या जाड तारांवर काहीतरी घुमवत बसायचा, आणि आम्हाला पुरता वैताग आला की मग शब्द बाहेर काढायचा. "पूल मोठा बांधा, पन पानी कोठे शे?" ही धुळ्याच्या पांझरा नदीवरची ओळ अशीच आली. "लेका, शब्द आधी सांग ना," मी ओरडायचो. "घर बांधताना पत्रे आधी टाकतोस का?" तो विचारायचा. महा घुम्या माणूस. स्टेजवरही मागे, अंधारात, माझ्या शेजारी उभा. टाळ्या गायकाला पडायच्या. त्याला त्याचं काही वाटत नसे; मला वाटायचं, आणि त्याचा रागही यायचा.

त्याला लागायची ती एकच गोष्ट. धुळ्याला देवपुरात त्याचे वडील, आबा... एसटीच्या वर्कशॉपमधून निवृत्त झालेले, आणि भीमगीतांच्या गायन पार्टीत आयुष्यभर ढोलकी वाजवलेले. मिलिंद घरी गेला की त्यांना फोनवर आमच्या कार्यक्रमांचे व्हिडिओ दाखवायचा. आबा फोन पार कानाला लावायचे आणि म्हणायचे, "गानारा ऐकू येस, ढोल ऐकू येस. तुना तं नुसता हातच हालस!" फोनच्या एवढ्याशा स्पीकरमधून बेसचा खर्जातला आवाज निघतच नाही, हे समजावून आम्ही थकलो. कार्यक्रमालाच या म्हणावं, तर आम्ही वाजवणार हॉटेलात, आणि जिथं दारू असते तिथं आबा पाय ठेवणार नाहीत. मिलिंद हसण्यावारी न्यायचा. पण एकदा धुळ्याहून परत येताना एसटीत मला म्हणाला, "आबांना खरंच वाटतं, मी तिथं नुसता उभा असतो."

मिलिंदच्या पुण्यानुमोदनाला देवपुरात घरापुढच्या मांडवात बुद्धवंदना झाली, दोन-चार जण बोलले. गायन पार्टीचे मोठे स्पीकर लावलेलेच होते. आबांनी मला जवळ बोलावलं. "त्यानं गानं लाव," म्हणाले. माझ्या लॅपटॉपवर मिलिंदचं ते पांझरेचं गाणं होतं, आणि त्याचंच शब्द सुचण्याआधीचं, नुसत्या बेसचं रेकॉर्डिंगही होतं. मी ते दुसरं लावलं. मांडवात घुमघुम सुरू झाली. टेबलावरचे स्टीलचे पेले थरथरायला लागले, बायका एकमेकींकडे बघायला लागल्या, कुणीतरी "स्पीकर बिघडना वाटस" म्हणून उठलंसुद्धा. मी त्याला हातानंच बसवलं.

आबा डोळे मिटून ऐकत होते. जरा वेळानं त्यांचा डावा हात खुर्चीच्या दांडीवर हलायला लागला. तळव्यानं दाबून, घासून, ढोलकीची धूम, म्हणजे डावीकडची खर्जाची बाजू, वाजवतात तसा. तार पुढं कुठं थांबणार, कुठं खाली उतरणार, त्यांना आधीच कळत होतं. हात तिथं अगोदर पोचून तिची वाट बघत होता. आयुष्यात इतके ताल ऐकलेला मी ड्रमवाला, पण हे माझ्या कधी ध्यानात आलं नव्हतं.

"अरे..." आबा म्हणाले, "हाऊ तं मना डावा हात शे."

रेकॉर्डिंग संपलं. त्यांनी डोळे उघडले आणि माझ्याकडे पाहिलं. "त्यानी माले काबर सांगं नही?"

मिलिंदला तरी ते ठाऊक होतं का, कोण जाणे. आबांचा हात अजून दांडीवर तसाच टेकलेला होता, म्हणून मी ते पुन्हा पहिल्यापासून लावलं.